हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद

पाण्याचा ताळेबंद ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने स्वीकारलेली पाणी व पीक नियोजनाची पद्धत आहे. वर्षभरात पडलेल्या पावसावरून गावाकडे किती पाणी आहे याचा हिशेब करणे आणि त्या मर्यादेत बसतील तेवढीच पिके घेणे, हे तिचे सूत्र होय.

पार्श्वभूमी

हिवरे बाजार पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. तेथील वार्षिक पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास असून अनेक वर्षी त्याहूनही कमी पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर जंगलतोडीमुळे डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये गावातील तरुणांनी पुढाकार घेऊन वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पोपटराव पवार यांना सरपंचपदासाठी उभे केले. पुढे आदर्श गाव योजनेतून आणि श्रमदानातून डोंगरउतारावर सलग समतल चर, ओढ्यांवर बंधारे व वृक्षलागवड ही कामे झाली. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पद्धत

बंधारे इतरत्रही बांधले गेले. हिवरे बाजारचे वेगळेपण पाणी वापरण्यावरील बंधनात आहे. विहिरींची पातळी वाढताच अधिक पाण्याची नगदी पिके घेतली जातात, बोअरवेल खोल जातात आणि साठलेले पाणी दोन-तीन हंगामांत संपते, हा दुष्काळी भागातील नेहमीचा अनुभव. म्हणून गावाने सिंचनासाठी बोअरवेल घेण्यास, तसेच ऊस व केळी लावण्यास मनाई केली.

पावसाळा संपल्यावर पर्जन्यमान व विहिरींच्या पातळीच्या नोंदी ग्रामसभेपुढे मांडल्या जातात. बाष्पीभवन, वाहून गेलेले पाणी, मातीतील ओलावा आणि भूजल असा हिशेब होतो. पिण्याचे पाणी व जनावरांची गरज प्रथम बाजूला काढली जाते. उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरते. पाऊस अपुरा असेल, तर गहू व कांद्याऐवजी ज्वारी, हरभरा अशा कमी पाण्याच्या पिकांवर भर दिला जातो.

या शिस्तीला जोड आहे ती चराईबंदीची. मोकाट चराई थांबल्याने प्रारंभी शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची अडचण झाली. मात्र डोंगरावरील गवत कापून नेण्याची मुभा राहिल्याने चारा वाढला व दुग्धव्यवसायाला आधार मिळाला.

मर्यादा

हे निर्बंध प्रामुख्याने ग्रामसभेच्या ठरावांवर व परस्पर विश्वासावर उभे आहेत. एकाच शेतकऱ्याने खोल बोअरवेल घेतली तरी शेजाऱ्यांच्या विहिरींवर परिणाम होऊ शकतो. बाहेरील व्यक्तींना जमीन न विकण्याच्या गावाच्या निर्णयामागेही हेच कारण दिसते. सुमारे ९७७ हेक्टरच्या लहान गावात असे एकमत टिकवणे तुलनेने सोपे असते. अनेक गावांत पसरलेल्या पाणलोटात वरच्या गावाने केलेला उपसा खालच्या गावाच्या ताळेबंदात येतच नाही.