रुळायचे कोणी?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीला जातात. मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले वगळता बाकीची कोपीवर जातात. त्यांतली सगळीच फडाजवळच्या शाळेत पोचत नाहीत. जी पोचतात त्यांच्याविषयी शिक्षक म्हणतात : मूल अजून रुळले नाही. मला विचारावेसे वाटते, शाळा मुलाशी कधी रुळणार?

या शब्दामागे एक गृहीत आहे. शाळेची बोली, शाळेचा डबा, शाळेची शिस्त हे प्रमाण, आणि कोपीवरचे जगणे ही उणीव. हे गृहीत आपल्याला नवे नाही. वर्गाबाहेर बसवण्याची रीत कायद्याने मोडली, पण शेवटचा बाक अजून शिल्लक आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेले शिकवण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात आहे. परंतु कायदा मुलाला दारापर्यंत आणतो. पुढचे काम शिक्षकाचे.

ते काम सोपे नाही, पण अशक्यही नाही. पहिल्या दिवशी मुलाला काय येत नाही हे तपासण्याऐवजी काय येते ते विचारावे. कोपीवर धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी मोळ्या मोजते, वाढ्यांचा भाव जाणते, उचल किती फिटली हे घरात ऐकते. तिचे गणित तेथूनच सुरू व्हावे. बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते; त्याला मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवावी, अडाणी म्हणून हिणवू नये. कर्नाटकात तर फळ्यावरची लिपीच बदलते. तेथे दोन्ही भाषा जाणणारा सोबती शेजारी बसवावा. परतताना कोणते धडे झाले याची चिठ्ठी मुलाबरोबर गावच्या शिक्षकाकडे जावी.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. शाळेत नाव घातल्याने मूल शिकत नाही, त्याला छप्पर, जेवण आणि मान लागतो, ही जाण त्यामागे होती. महाविद्यालयात शिकवताना तोडकऱ्यांची मुले माझ्यासमोर फार थोडी येतात. कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावात वसतिगृहासाठी आग्रह धरावा, आणि हंगामात कोपीवरच्या मुलाचा हात धरून, कायद्याची प्रत घेऊन, शाळेत जावे.