कर्करोगावरील चिनी वनौषधी : पाला वेगळा, औषध वेगळे

वाटूर फाट्यावर जालना, मंठा आणि परतूर अशा तिन्ही बाजूंची माणसे भेटतात. घरात कोणाला तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, की डॉक्टरांच्या सल्ल्याबरोबर इतर सल्लेही सुरू होतात. कोणी सदाफुलीचा रस सुचवतो, कोणी चिनी काढ्याची पुडी आणून देतो. सोबत एक वाक्य हमखास असते : "झाडपाल्याचेच आहे, अपाय तर होणार नाही." शेतकरी बंधू-भगिनींनो, धोतरा आणि कण्हेर ज्यांच्या बांधावर आहेत त्यांनी तरी या वाक्यावर विसंबू नये.

चीनमध्ये कर्करोगावर वनौषधी वापरतात हे खरे आहे. मात्र तेथील रुग्णालयांत त्या बहुधा शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांच्या जोडीला दिल्या जातात. मळमळ, थकवा, मंदावलेली भूक यांवर उतारा हा त्यांचा मुख्य हेतू असतो. काही रुग्णांना त्याने आराम पडल्याची नोंद आहे. परंतु यावरील पुष्कळ चाचण्या लहान आणि ढिसाळ असल्याने ठाम शिफारस करता येत नाही. केवळ काढ्याने गाठ बरी होते असा भरवशाचा पुरावा नाही.

चिनी परंपरेतून आलेले सर्वांत मोठे यश झाडपाल्याचे नाही, तर सोमलाचे आहे. १९७० च्या दशकात हार्बिन येथील डॉक्टरांच्या हाती खेड्यातील एक जुने औषध आले. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचे विष होते. त्यांनी घटक एकेक करून तपासले. पारा मूत्रपिंडाला आणि भेकाचे विष रक्तदाबाला बाधते असे दिसल्यावर दोन्ही वगळले. उरलेला सोमल शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिला, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात रुग्ण बरे होऊ लागले. २००० साली अमेरिकेनेही या औषधाला मान्यता दिली. आज जीवनसत्त्व 'अ' पासून तयार केलेल्या औषधाच्या जोडीने ते दिले जाते आणि या प्रकारातील कमी जोखमीचे दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. ते देताना हृदयाचा आलेख आणि रक्तातील पोटॅशियम वरचेवर तपासावे लागते. हाच सोमल पुडीतून घरी घेतला तर जीव जातो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. चीनमधील कॅम्प्टोथेका या झाडातून १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेसिन हा घटक वेगळा केला. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. हा घटक प्रथम रुग्णांना दिला तेव्हा हगवण आणि मूत्राशयातील रक्तस्राव इतका झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रचनेत बदल करून केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. म्हणजे झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षे गेली! हाच घटक १९७२ साली आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही सापडला आणि त्यानंतर नरक्याची बेसुमार तोड झाली.

आता धोक्याची बाजू. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून अॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरी वनस्पती गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे ज्या ३९ जणांची मूत्रपिंडे व मूत्रनलिका काढून तपासल्या, त्यांपैकी १८ जणांत कर्करोग आढळला. म्हणजे औषध म्हणून घेतलेल्या पाल्यानेच कर्करोग झाला. या कुळातील किडामारी आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत तण म्हणून उगवते. जनावरांच्या जखमेतील अळ्यांवर तिचा पाला वापरण्याची रीत आहे. पोटातील जंतांसाठी तिचा रस पिण्याची रीत मात्र सोडून द्यावी. ईश्वरी म्हणजे सापसंद हीसुद्धा याच कुळातील.

सदाफुलीचेही तसेच. तिच्यातील दोन घटक केमोथेरपीत वापरतात, पण ते शिरेतून आणि मिलिग्रॅमच्या मापात. एक ग्रॅम औषधासाठी कित्येक क्विंटल वाळलेला पाला लागतो. चार पानांच्या रसात ते किती उतरले हे कोणालाच कळत नाही, आणि तो रस विषारी आहे. साखरेसाठी रोज पाने चघळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

केमोथेरपी चालू असताना तर अधिक जपावे. केमोथेरपीची अनेक औषधे आणि काढ्यातील घटक यांचा निचरा यकृतातून होतो. काढ्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ राहू शकते, किंवा लवकर निघून जाऊन निरुपयोगी ठरू शकते. ज्येष्ठमध चिनी काढ्यांत सर्रास असतो; तो फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. काही वनस्पतींनी रक्त पातळ होते, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरताच काढ्याची माहिती द्यावी. पुडी, बाटली, पाला जे असेल ते डॉक्टरांसमोर ठेवावे. रागावतील म्हणून लपवू नये.

नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले, असे अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. वाटूरकरांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचे आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे. तोंडातील पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली तर काढ्यात दिवस घालवू नयेत.

'कर्करोगाची वनस्पती लावा, आम्ही खरेदी करू' असे सांगत रोपे विकणारेही येतात. खरेदीचा लेखी करार, भाव, पाल्यातील घटकाची तपासणी कोण करणार आणि माल नाकारल्यास काय, हे कागदावर आल्याशिवाय एक गुंठाही लावू नये.