खेळाचे थेट प्रक्षेपण : गिऱ्हाईक टिकते कशाने?

व्हिडिओ गेम स्वतः खेळणे निराळे आणि दुसऱ्याचा खेळ तासन् तास पाहत बसणे निराळे. परंतु या दुसऱ्या गोष्टीवर आज जगभर मोठा व्यापार चालतो. अमेरिकेत २००७ साली 'जस्टिन टीव्ही' ही थेट प्रक्षेपणाची कंपनी निघाली. तिच्यावर खेळ दाखविणाऱ्यांचीच गर्दी वाढली, सबब २०११ मध्ये खेळांसाठी 'ट्विच' हे वेगळे खाते काढण्यात आले. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला विकत घेतले.

इथे प्रेक्षक का थांबतो? पहिले कारण म्हणजे बोलणे दोन्ही बाजूंनी होते. प्रेक्षक प्रश्न लिहितो आणि खेळणारा त्याचे नाव घेऊन जबाब देतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्विचवर 'पोकेमॉन' हा खेळ प्रेक्षकांनीच हुकूम लिहून चालविला. दहा लाखांहून अधिक लोकांनी हात लावला आणि सोळा दिवसांत खेळ पुरा केला.

दुसरे कारण वेळेची शिस्त. दुकान आज सकाळी, उद्या रात्री उघडले तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. तोच न्याय येथे आहे. तिसरे, शिवीगाळ करणाऱ्यास बाहेर काढणारे विश्वासू मदतनीस हवेत, नाहीतर भली माणसे निघून जातात.

नव्या माणसाची अडचण वेगळी. यादीत जास्त प्रेक्षकवाले वर आणि नवे तळाला, मग त्याला पाहणार कोण? म्हणून ट्विचवर 'रेड'ची पद्धत आहे. आपला कार्यक्रम संपला की आपले प्रेक्षक दुसऱ्याकडे पाठवायचे. शेजारचा दुकानदार गिऱ्हाईक पाठवतो, तसाच हा व्यवहार.

नुसत्या पैशाने हे जमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'मिक्सर'ने ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विचचा नामवंत खेळाडू 'निंजा' याला करार करून आपल्याकडे आणले. त्याचे ट्विचवर १ कोटी ४० लाखांवर अनुयायी होते. तरीही जुलै २०२० मध्ये मिक्सर बंद पडले. प्रेक्षकांचे सोबती, ओळखीपाळखी आणि सवय ट्विचवरच राहिली होती. मोठा कारागीर आणला म्हणून सारी पेठ मागे येत नाही.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाईल'वर बंदी आली. एकाच मालावर दुकान चालविण्यातला धोका तेव्हा उघड झाला. प्रेक्षक खेळासाठी येत असेल तर खेळाबरोबर जातो. माणसासाठी येत असेल तर दुसऱ्या खेळालाही थांबतो.

म्हणून घरातला मुलगा या धंद्याचे नाव काढील तर त्याला एकदम झिडकारू नये आणि महागड्या यंत्रांसाठी कर्जही काढू नये. हाती असलेल्या मोबाईलवर सहा महिने ठरल्या वेळी हजेरी लावून दाखव, असे सांगावे. तेवढ्यात दहा माणसे रोज परत येऊ लागली, तर भांडवलाचा विचार करावा. परत येणारे गिऱ्हाईक हीच खरी कमाई.