अठ्ठावन्नच्या आधी

एसटीच्या कंडक्टरला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसावं लागतं. वाढदिवस ज्या महिन्यात येतो, त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला नोकरी संपते. माझा तो महिना आता जवळ आला आहे. १९९८ साली मी चिपळूण आगारात लागलो. तेव्हापासून पोटापाण्याचं आणि मानाचं जे काही मिळालं, ते या गाडीनंच दिलं.

लागलो तेव्हा तिकिटाचं मशीन नव्हतं. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असायचे. बेरीज डोक्यात करायची, तिकिटं फाडायची, चिमट्यानं पंच मारायचा आणि गर्दीतच सुट्टे परत करायचे. टप्पा बदलला की हिशोबाच्या वेबिलावर आकडे चढवायचे. मध्येच तपासणीचे साहेब गाडीत चढले, तर माणसं, तिकिटं आणि पैसे यांचा मेळ तिथल्या तिथे दाखवावा लागे. आता मशीन कागद काढून देतं, मोबाइलवरून पैसेही येतात. तरी संध्याकाळी आगारात रोकड भरून पावती हातात येईपर्यंत कंडक्टरचा जीव थाऱ्यावर नसतो. ते पैसे आपले नसतात, लोकांचे असतात. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूण स्टँडच्या गाड्या बुडाल्या, तेव्हा आगारातले साहेब आदल्या दिवसाची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले. पेपरात ती बातमी वाचून बाहेरच्यांना नवल वाटलं. आम्हा कंडक्टरांना त्यामागचं मन ओळखीचं होतं.

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोलाचा भाग मुक्कामी गाडीचा. शहरातल्या वाचकांना ती ठाऊक नसेल. संध्याकाळची शेवटची गाडी आतल्या गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते आणि उजाडायच्या आत पहिल्या फेरीला निघते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या पडवीत नाही तर गाडीतच पथारी टाकतात. कुणाच्या तरी घरून तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं येतं. पैसे विचारले तर माणसं रागावतात. पहाटे त्याच गाडीत कॉलेजची पोरं, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, बाजाराला निघालेल्या बाया असतात. कुणाचा डबा शहरात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलापर्यंत पोचवायचा असतो, कुणाची औषधाची चिठ्ठी दुकानात द्यायची असते. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण ज्या कंडक्टरनं ते केलं नाही त्याला त्या गावानं कधी आपलं म्हटलं नाही.

एक आजी दर सोमवारी डायलिसिसला जायच्या. त्या थांब्यावर दिसल्या नाहीत तर ड्रायव्हर हॉर्न देऊन थोडा वेळ थांबे, आणि गाडीतलं कुणी कुरकुर करत नसे. पुढे एका सोमवारी त्यांचा मुलगा एकटाच थांब्यावर आला आणि म्हणाला, "कंडक्टरभाऊ, आता थांबू नका." त्या थांब्याजवळ गाडी आली की आजही माझा हात आपोआप घंटीच्या दोरीकडे जातो.

कुंभार्ली घाटाबद्दलही सांगायला हवं. चिपळूणहून कराडला जाताना पोफळी सोडली की चढण लागते आणि वर हेळवाक, कोयनानगर येतं. आषाढात धुकं असं उतरतं की गाडीचं नाकही दिसत नाही. समोरून ट्रक आला आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली, की कंडक्टरनं पावसात खाली उतरून शिट्टीवर ड्रायव्हरला दिशा द्यायची. त्या वेळी चाळीस-पन्नास माणसांचा जीव एका शिट्टीवर असतो. ज्या ड्रायव्हरबरोबर अशा रात्री काढल्या, त्याच्याशी असलेलं नातं सख्ख्या भावापेक्षा कमी म्हणता येणार नाही.

अलीकडच्या वर्षांत गाडीतली माणसं बदललेली पाहिली. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला, मार्च २०२३मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर माझ्या गाडीत अशा बाया दिसू लागल्या ज्या वर्षानुवर्षं माहेरी गेल्या नव्हत्या. एकीनं सांगितलं, आता भाड्याचे पैसे नवऱ्याकडे मागावे लागत नाहीत. या सवलतीवर खर्चाच्या अंगानं बरीच चर्चा होते. ती करणाऱ्यांनी एकदा सकाळच्या गाडीत बसून या बायांशी बोलावं.

आता निवृत्तीचं. एसटी हे महामंडळ आहे. त्यामुळे आम्ही सरकारी कर्मचारी नाही आणि जुन्या सरकारी नोकरांसारखी शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आम्हाला नाही. २०२१-२२च्या लांबलेल्या संपात एसटीच्या सरकारात विलीनीकरणाची मागणी का पुढे आली, त्याचं एक मोठं कारण हेच. आमची पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झालेल्या ईपीएस म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेतून येते. कारखान्यांतली आणि खासगी कंपन्यांतली लाखो माणसं याच योजनेत आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या पगारातून पीएफ कापला जातो. मालकही तेवढीच रक्कम भरतो, पण त्याच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, तेही १५,००० रुपयांच्या पगारावरच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. पेन्शन काढताना पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणतात आणि ७०ने भागतात. पगार त्याहून कितीही जास्त असो, इथे तो सहसा १५,०००च धरला जातो, आणि १ सप्टेंबर २०१४च्या आधीच्या वर्षांसाठी तर ६,५००च. वीस किंवा त्याहून जास्त वर्षं सेवा असेल तर हिशोबात दोन वर्षं वाढवून मिळतात. माझी २०१४पर्यंतची सोळा आणि नंतरची बारा वर्षं मांडून पाहिली, तर महिना साडेचार हजारांच्या आतबाहेर रक्कम येते. तिच्यावर महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याला जी रक्कम, तीच पुढे ऐंशीव्या वर्षी. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरली आणि पुढची दहा वर्षं आकडा तिथेच राहिला. ज्यानं उभा जन्म गाडीत उभं राहून काढला, त्याच्या म्हातारपणाला ही रक्कम पुरत नाही. ती वाढायला हवी आणि महागाईशी बांधलेली असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आमच्यासारख्यांचा खरा आधार पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या एकरकमी पैशांचा. ते हातात येताच लग्न, घराचा स्लॅब, मुलाचा धंदा असे सगळे खर्च एकदम समोर उभे राहतात. माझ्या आधी निवृत्त झालेल्या कितीतरी मित्रांचे पैसे वर्ष-दोन वर्षांत संपलेले पाहिले. मी आणि बायकोनं बसून ठरवलं आहे, की त्यातला मोठा भाग पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचा आणि तिमाही व्याजावर घर चालवायचं. मुलालाही ते समोर बसवून सांगितलं. त्याला थोडं लागलं, पण त्यानं ऐकलं.

दुसरी गोष्ट कागदांची. आमचा एक सहकारी नोकरीत असतानाच गेला. ईपीएसमध्ये विधवेला पेन्शन मिळते, पण त्याच्या बायकोचं नाव आधारवर एक, नोंदीत दुसरं, आणि वारसाची नोंद लग्नाआधीची, आईच्या नावावर. ती बाई कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिली. ते पाहून मी माझे सगळे कागद एका पिशवीत घातले आणि बायकोला एकेक कागद कशाचा ते समजावून सांगितलं. निवृत्तीनंतर आठवड्यातून एक दिवस स्टँडवर बसून निवृत्तांचे पेन्शनच्या अर्जाचे १०-डी फॉर्म भरून द्यायचे, असं मी आणि एका ड्रायव्हर मित्रानं ठरवलं आहे.

तुमच्या घरी कुणी पन्नाशीत असेल आणि पगारातून पीएफ कापला जात असेल, तर या रविवारी तीन गोष्टी बघा: पीएफच्या यूएएन क्रमांकाच्या खात्यातलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, वारस म्हणून कुणाची नोंद आहे, आणि आधीच्या नोकऱ्यांची वर्षं त्या खात्यात जोडली गेली आहेत का. चूक असेल तर नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या.