फोन बंद पडला तरी फोटो उरावेत

मोबाइलच्या दुकानात काउंटरपाशी एक हिशेब रोज मांडला जातो. १२८ जीबीचा फोन घ्यायचा की २५६चा? मोठ्याला काही हजार रुपये जास्त पडतात, आणि तेवढ्याच जागेचं मेमरी कार्ड बऱ्याचदा त्याहून बरंच स्वस्त मिळतं. मग १२८चाच घ्यावा, कार्ड टाकावं आणि उरलेले पैसे खिशात ठेवावेत. बेरीज बरोबर आहे. पण फोनच्या आतला एक जीबी आणि कार्डावरचा एक जीबी सारखाच, असं तिच्यात धरून चाललेलं असतं आणि तिथेच ती चुकते. दोन्हींच्या वेगात फरक आहे. त्याहून मोठा फरक ज्या प्रश्नातून कळतो, तो दुकानात क्वचितच कुणी विचारतं: उद्या फोन बंद पडला, तर आत साठवलेलं काय हाती लागेल?

दोन्हींच्या पोटात तंत्र मात्र एकच आहे. १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये डावोन कांग आणि सायमन झी यांनी असा ट्रान्झिस्टर सुचवला, ज्यात विद्युतरोधक थरांच्या मध्ये एक छोटा कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन एकदा कोंडले की वीज गेली तरी ते तिथेच राहतात. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात या कल्पनेतून फ्लॅश मेमरी घडवली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा प्रकार जगापुढे आला. आज फोन, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड या सगळ्यांत तोच आहे. आपल्या मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं, गेलेल्या माणसांचे आवाज, सारं काही शेवटी अशा कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात असतं.

हे इलेक्ट्रॉन आत ढकलायला सुमारे २० व्होल्टचा दाब लागतो. ते रोधक थरातून पलीकडे जातात ते पुंजभौतिकीच्या नियमाने, म्हणजे भिंत न फोडता भिंतीपलीकडे. दर वेळी त्या थराची थोडी झीज होते आणि पुरेशी झीज झाली की इलेक्ट्रॉन कोंडून राहत नाहीत. एका कप्प्यात एकच बिट ठेवायचं तर विद्युतभाराच्या दोन पातळ्या ओळखता आल्या की पुरतं. असे कप्पे एक लाखाच्या आसपास वेळा लिहून-पुसून घेतात. पण स्वस्तात जास्त जागा हवी म्हणून एकाच कप्प्यात तीन बिट ठेवतात, तेव्हा आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. चार बिटांना सोळा. पातळ्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त आणि आयुष्य कमी: तीन बिटांच्या कप्प्याला काही हजार वेळा, चारच्या कप्प्याला साधारण हजार वेळा. त्यातून फ्लॅशची आणखी एक अडचण आहे. लिहिता येतं छोट्या पानाएवढं, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो.

हा सगळा कारभार सांभाळायला प्रत्येक फोनच्या स्टोरेजमध्ये आणि प्रत्येक कार्डातही एक कंट्रोलर असतो. कुठला ब्लॉक किती झिजला, पुढचं लिखाण कुठे करायचं, कुठे चूक झाली आणि ती गणिताने कशी दुरुस्त करायची, हे तो ठरवतो. फोनच्या आतल्या चिपमधला कंट्रोलर बराच ताकदवान असतो. नखाएवढ्या कार्डाची जाडी एक मिलिमीटर, लांबी-रुंदी १५ आणि ११ मिलिमीटर. एवढ्या जागेत आणि तेवढ्या किमतीत कंट्रोलर बसवायचा तर त्याची कुवत मर्यादितच राहते.

मग येतो रस्ता. ज्या वाटेने माहिती प्रोसेसरपर्यंत पोचते, ती फोनमधल्या बहुतेक कार्ड स्लॉटमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबीची आहे. काही कार्डांच्या पाकिटावर याहून मोठा आकडा असतो, पण तो त्या कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळतो, फोनमध्ये नाही. स्वस्त फोनच्या आतलं ईएमएमसी स्टोरेज ४०० एमबीपर्यंत जातं. यूएफएस ३.१ प्रकारचं स्टोरेज वाचताना २,००० एमबीच्या घरात असतं, शिवाय ते एकाच वेळी वाचू आणि लिहू शकतं.

पण हे आकडेही पूर्ण गोष्ट सांगत नाहीत. व्हिडिओ ही एकसलग मोठी फाइल असते. ॲप उघडताना मात्र फोनला शेकडो ठिकाणांहून बारीक बारीक तुकडे गोळा करावे लागतात. ट्रकभर पोती एकाच गोदामात उतरवणं वेगळं आणि पोस्टमनने गावभर घरोघरी एकेक पाकीट टाकणं वेगळं. पाकिटावरचा मोठा आकडा पोत्यांचा असतो, पोस्टमनचा नसतो. पोस्टमनचा वेग कळावा म्हणून एसडी असोसिएशनने २०१६ मध्ये ‘ए१’ आणि पुढच्या वर्षी ‘ए२’ असे शिक्के आणले. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० तुकडे वाचणं आणि ५०० लिहिणं. एक तुकडा चार केबीचा धरला तर वाचन होतं अवघं सहा एमबी आणि लेखन दोन. ए२ मध्ये हे ४,००० आणि २,००० होतं, पण त्यासाठी फोनलाही ती सोय ओळखता यावी लागते. याच्या शेजारी फेब्रुवारी २०१५ मधला सॅमसंगचा दावा ठेवून पाहा: त्यांच्या पहिल्या १२८ जीबी यूएफएस चिपला सेकंदाला १९,००० तुकडे वाचता येत होते. म्हणून ॲप कार्डावर हलवलं की फोन रेंगाळतो. त्यात दोष त्या कार्डाचा नसतो.

त्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस६ बाजारात आणला. आत वेगवान यूएफएस, आणि कार्डाचा स्लॉट गायब. ग्राहक नाराज झाले, पुढच्या वर्षी एस७ मध्ये स्लॉट परत आला. २०२१ च्या एस२१ मध्ये तो पुन्हा गेला आणि त्या मालिकेत तो परतला नाही. आयफोनला तो पहिल्यापासूनच नव्हता. वेगाचं कारण खरं आहे, हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. पण स्लॉट नसला की ज्याला जागा हवी त्याला महागडा फोनच घ्यावा लागतो, हेही तितकंच खरं आहे. ग्राहकाच्या हातातून काय निसटलं, त्याची चर्चा मात्र पुरेशी झाली नाही.

काय निसटलं ते फोन मेल्यावर कळतं. आजच्या फोनमधलं आतलं स्टोरेज एन्क्रिप्ट केलेलं असतं. त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमधल्या एका सुरक्षित कोपऱ्यात बांधलेली असते आणि आपला पिन किंवा पॅटर्न टाकल्याशिवाय ती लागत नाही. चोराच्या हाती फोन पडला तर ही मोठी ढाल आहे आणि ती असायलाच हवी. पण फोन पाण्यात पडून मदरबोर्ड कायमचा गेला, तर स्टोरेजची चिप उखडून दुसरीकडे बसवूनही उपयोग नसतो. चिप शाबूत, आतले इलेक्ट्रॉन शाबूत, तरी वाचता येते ती निव्वळ अर्थहीन अक्षरांची रास. दुरुस्तीवाला ‘बोर्ड गेला’ म्हणतो, तेव्हा बोर्डाबरोबर फोटोही गेलेले असू शकतात.

साध्या पद्धतीने वापरलेलं कार्ड मात्र बाहेर काढून कुठल्याही संगणकात किंवा दुसऱ्या फोनमध्ये वाचता येतं. माझ्या मते कार्डाची खरी किंमत इथे आहे, वाढीव जीबीमध्ये नाही. याची दुसरी बाजू अशी, की कार्ड ज्याला सापडेल त्यालाही ते वाचता येतं. म्हणून आधार कार्डाचा फोटो, बँकेची कागदपत्रं, खासगी छायाचित्रं त्यावर ठेवू नयेत. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये कार्डालाच फोनचं आतलं स्टोरेज बनवून टाकण्याची सोय आली. ती वापरली की कार्डही एन्क्रिप्ट होतं आणि त्याच एका फोनशी बांधलं जातं. म्हणजे वेग कार्डाचा आणि बंधन आतल्या स्टोरेजचं. ही निवड मी कुणालाही सुचवणार नाही.

महाराष्ट्रात या कार्डाचा खूप चांगला उपयोग लोकांनी करून घेतला आहे. इंटरनेट महाग होतं त्या काळात तालुक्याच्या बाजारात, एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या टपरीवर गाणी भरून मिळत. भजनं, कीर्तनं, शाहिरी, तमाशातले वग, वरातीची गाणी, सगळं त्या नखाएवढ्या कार्डात. तेच कार्ड ट्रॅक्टरवरच्या प्लेअरमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आणि मग नव्या फोनमध्ये फिरे. फोन बदलले तरी कार्ड तेच राहिलं. कित्येक घरांत आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या अशाच एखाद्या कार्डावर आहेत, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

कारण कार्ड ही तिजोरी नाही. त्याचा कंट्रोलर कधीकधी काही न सांगता मरतो. कार्ड फडताळात नुसतं पडून राहिलं तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरत असतात. उष्णतेत हा पाझर वाढतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या कार्डाला ती भरपूर मिळते. बराच वापर झालेल्या कार्डात पाझर आणखी लवकर होतो. वर्षानुवर्षं न पाहिलेलं कार्ड एकदा काढून त्यातलं सगळं संगणकावर उतरवून घ्यावं.

आणि नकली कार्डं. हा विषय मला जास्त गंभीर वाटतो, कारण इथे फसवणूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कंट्रोलरमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम असतो. अँड्र्यू ‘बनी’ हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत दाखवून दिलं, की काही कार्डांमधला हा प्रोग्रॅम बदलता येतो. नकली माल बनवणारे हेच करतात. आत आठ जीबीची चिप, पण कंट्रोलर फोनला सांगतो ५१२. फोनचा त्यावर विश्वास बसतो. पहिले आठ जीबी नीट साठतात, पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच लिहिले जात नाहीत. फाइलींची नावं मात्र यादीत जशीच्या तशी दिसतात. लग्नाचे सगळे फोटो आहेत असं वाटतं आणि उघडायला जावं तर काही नाही. नवं कार्ड घेतलं की ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या मोफत प्रोग्रॅमने ते काठोकाठ भरून परत वाचून पाहावं. सेकंदाला वीस एमबीच्या वेगाने १२८ जीबीचं कार्ड भरायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. पण तो खर्च करण्यासारखा आहे. (१२८ जीबीच्या अस्सल कार्डावर संगणक ११९ दाखवतो, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १,०२४ च्या.)

तेव्हा काउंटरपाशी काय ठरवावं? परवडत असेल तर आतलं स्टोरेज मोठंच घ्यावं. ते बोर्डावर डकवलेलं असतं, पुढे वाढवता येत नाही, आणि ॲप दर वर्षी जाडच होत जातात. व्हॉट्सॲपवर रोज येऊन पडणारे फोटो-व्हिडिओही अँड्रॉइडमध्ये आतच साठतात, कार्डावर आपल्याला हाताने हलवावे लागतात. ती जागा काठोकाठ भरू देऊ नये. मोकळे ब्लॉक संपले की कंट्रोलरला प्रत्येक लिखाणाआधी आवराआवर करावी लागते आणि फोन अडखळू लागतो. स्लॉट असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो कार्डावर साठतील असं करून ठेवावं. ‘व्ही३०’ शिक्क्याचं, नावाजलेल्या कंपनीचं कार्ड खात्रीच्या दुकानातून घ्यावं. ते सेकंदाला किमान तीस एमबी सलग लिहितं आणि ४के चित्रणाला पुरतं. हायब्रिड स्लॉट असेल तर दुसरं सिम की कार्ड, हेही आधीच पाहून घ्यावं. स्लॉट नसलेल्या फोनला ओटीजीचा पेनड्राइव्ह जोडून महिन्यातून एकदा फोटो उतरवता येतात. कुठलाही मार्ग घेतला तरी जे गमावून चालणार नाही, त्याची एक प्रत फोन आणि कार्ड दोन्हींच्या बाहेर हवी.

कार्ड मंद म्हणून स्लॉट नको, हे कारणही आता जुनं होत चाललं आहे. २०१९ मध्ये मायक्रोएसडी एक्स्प्रेस हा प्रकार जाहीर झाला. तो संगणकातल्या एसएसडीच्या वाटेने चालतो आणि सेकंदाला ९८५ एमबीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे जुन्या वाटेच्या नऊपटीहून अधिक. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या खेळयंत्रात खेळ साठवायला हीच कार्डं लागतात. हातात मावणाऱ्या यंत्रात असा स्लॉट बसतो, हे त्यातून दिसलं आहे. फोन घेताना गिऱ्हाइकांनी दुकानदाराला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर स्लॉटबद्दलही विचारायला हवं. ही विचारणा कंपन्यांपर्यंत पोचल्याशिवाय तो परत येणार नाही.