फ्रिज आणि घरचा पाव

घरी भाजलेला पाव शिळा होतो तो त्यातले पाणी उडून गेल्यामुळे, आणि म्हणून तो ताजा राखावयाचा तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतही इतकी दृढमूल झाली आहे की, तिच्याविरुद्ध चार शब्द बोलावेत तर समोरचे गृहस्थ फ्रिजचे दार उघडून कालचा पाव पुराव्यादाखल हजर करतात. आणि त्या पावाची चकती बोटाने दाबून पाहावी, तर ती पुन्हा वर येण्याऐवजी भुगा होऊन ताटलीत सांडू लागते, तरीही फिर्याद मागे घेण्याची त्यांची तयारी नसते!

वस्तुतः या वादाचा निकाल १८५२ सालीच लागलेला आहे. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाण्याचा अंशही निसटू नये असा बंदोबस्त करून पाव ठेवला, तरी तो शिळा झालाच, आणि पुन्हा तापवताच मऊ झाला. कारण पिष्टाच्या रेणूंत आहे. भाजताना पाणी शोषून विस्कटलेले हे रेणू पाव निवल्यावर पुन्हा शिस्तीने रचले जाऊन स्फटिकवत् घट्ट होऊ लागतात, आणि ही क्रिया सर्वांत वेगाने चालते ती गोठणबिंदूच्या आसपास, म्हणजे जवळजवळ फ्रिजच्याच तापमानाला. आदल्या रात्रीचा भात फ्रिजमध्ये टणक होतो आणि वाफवला की मऊ होतो, हे ज्या घरात नित्य दिसते, त्याच घरात पावाला निराळा कायदा का लावावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

उणे १८ अंश सेल्सिअसला ही क्रिया जवळजवळ थांबते; सबब दोन दिवसांत संपणार नाही इतका पाव पूर्ण निवल्यावर कापून, हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकावा आणि लागतील तेवढ्या चकत्या काढून थेट तव्यावर शेकाव्यात. बाकीचा डब्यात, ओट्यावरच बरा.

फ्रिजमुळे बुरशी लांबते, हे मात्र मान्य केले पाहिजे, आणि कोकणातल्या श्रावणात ही सवलत क्षुल्लक नव्हे. परंतु बुरशी आणि शिळेपणा हे दोन स्वतंत्र खटले होत.

गरम पाव पिशवीत कोंडला की मऊ राहतो म्हणतात. त्यात वाफेचे पाणी होऊन बुरशीचीच सोय होते. हिरवा ठिपका खरवडून उरलेला पाव खाण्याची काटकसरही नको, कारण बुरशीचे तंतू सच्छिद्र पावात नजरेला न दिसता खोलवर पसरलेले असतात. आणि घरचा पाव निर्भेळ म्हणून निर्धोक, असे समजणाऱ्यांनी दमट उकाड्यात त्याला अतिपक्व फळासारखा वास येतो का आणि तोडताना आत चिकट तार सुटते का, ते पाहावे. तो ओव्हनच्या आचेतूनही बीजाणुरूपाने तगलेल्या बॅसिलस जिवाणूंचा प्रताप असतो, आणि तसा पाव शेकून सुधारत नाही, टाकूनच द्यावा लागतो.