खिडक्यांचा पुनर्जन्म

वादळी पावसांत वीज जाणें हें आम्हां दवनीवाडेकरांस नवें नाहीं. नवें आहे तें वीज परत आल्यावरचें दुःख. आमच्या तीर्थरूपांच्या हातची एक जीर्ण पोथी आम्ही वर्षभर संगणकावर उतरवीत आहों. त्यासाठीं विंडोज प्रणालींत तीन डेस्कटॉप केले आहेत: एकावर पोथीच्या पानांचीं छायाचित्रें, दुसऱ्यावर आमची संहिता, तिसऱ्यावर वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश. यंत्र पुनः सुरू करावें तों डेस्कटॉप तिन्ही जागेवर, पण त्यांवरील खिडक्या नाहींशा! उघडाव्या तर साऱ्या एकाच डेस्कटॉपवर गर्दी करतात. गेल्या श्रावणांत या घोळांत आम्ही संहितेची जुनीच प्रत उघडून बसलों आणि दोन दिवसांचें शोधन तिच्यांत केलें. पाठभेद असे मिसळले कीं ते निवडण्यांत महिना गेला.

असें कां व्हावें? प्रत्येक खिडकीस जन्मतांच प्रणाली एक क्रमांक देते व त्यावरून तिची जागा ओळखते. यंत्र बंद पडलें कीं तो क्रमांक संपला. तीच फाइल पुनः उघडली तरी खिडकी नवजात, पूर्वजन्माची स्मृति नसलेली. धर्मशाळेच्या खोल्या कायम, उतारूंची वही मात्र कोरी! झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत हेंडरसन व कार्ड यांनीं 'रूम्स' या नांवानें अशा खोल्या १९८६ सालींच मांडल्या होत्या; विंडोजमध्यें त्या २०१५ सालीं आल्या.

मॅकवर अमुक प्रोग्राम अमुक डेस्कटॉपवर, असें नेमून देतां येतें. परंतु एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्या दोहोंकडे हव्या असल्यास तो नियम लंगडा पडतो. लिनक्सवरील केडीईमध्यें खिडकीच्या शीर्षकावरूनही नियम करतां येतो. आमच्यासारख्यास सोपा उपाय हायबरनेटचा. त्यांत चालू स्मृति डिस्कवर लिहून ठेवून यंत्र निजतें, आणि उठल्यावर प्रत्येक खिडकी आपल्या जागीं असते. हा पर्याय दिसत नसल्यास कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्यें तो चालू करावा. वीज जातांच तेवढी सवड मिळावी म्हणून यूपीएस मात्र हवा.

अपडेटनंतर यंत्र नव्यानें सुरू होतें, तेव्हां हा उपाय चालत नाहीं. मग आधीं त्या त्या डेस्कटॉपवर जावें व तेथूनच फाइल उघडावी. कोशाची खिडकी आम्ही आतां सर्व डेस्कटॉपांवर दिसेल अशीच ठेवतों. सूनबाईंच्या सांगण्यावरून संहितेच्या नांवांत तारीखही घालतों. हें त्यांनीं पूर्वींच सुचविलें होतें, तेव्हां आम्ही हंसलों होतों.